पडला सतरा, लिहिला एक

मित्रांनो, माझ्या अंगाला वीस बाजू आहेत आणि त्यांतल्या काहींवरचे आकडे आता बोटानं चाचपूनच कळतात. सापशिडीचा सहा बाजूंचा फासा तुमच्या घरात असेलच. मी त्याचा दूरचा भाऊबंद. मी एक जुना, निळा, प्लास्टिकचा फासा आहे. ज्या खेळासाठी मी जन्मलो त्याला पट नसतो, सोंगट्या नसतात, आणि शेवटी कुणी जिंकतही नाही. माणसं टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक सोंग घेतो आणि सगळे मिळून एक गोष्ट बोलत बोलत पुढे नेतात. गोष्टीत कुणी दरीवरून उडी मारायला निघालं, तर ती उडी साधली की फसली, हे मी सांगायचं. मोठा आकडा पडला तर साधली. एक पडला तर तोंडावर आपटलं. एवढंच माझं काम. ते मी प्रामाणिकपणे केलं. माझ्या नावावर जे खोटं लिहिलं गेलं, ते माणसांनी लिहिलं. त्यातलं एक खोटं चांगलं होतं आणि एक वाईट. त्या दोन्हींची ही हकीकत आहे.

एका लोखंडी साच्यातून मी बाहेर पडलो तेव्हा माझे आकडे कोरलेले होते, पण त्यांत रंग नव्हता. त्या काळी आमच्या डबीत मेणाचा एक खडूही मिळायचा. ज्यानं विकत घेतलं त्यानं खडू घासून आकडे भरून घ्यायचे. माझे आकडे कोरा लिंडक्विस्टनं भरले. विस्कॉन्सिनमधल्या शिबॉयगन गावात, अर्लेन फॉक्टच्या घराच्या तळघरात बसून तिनं पांढरा खडू माझ्या अंगावर घासला आणि जास्तीचं मेण अंगठ्याच्या नखानं काढून टाकलं. हे करताना तिच्या तोंडाचा पट्टा चालूच होता.

"हा माझा," ती म्हणाली. "ह्याला कुणी हात लावायचा नाही. आणि वाईट आकडा पडला तर त्याला शिव्या द्यायच्या नाहीत. मला द्या."

"तुला तर आम्ही देतोच," बर्नीस म्हणाली.

कोरा गावच्या वाचनालयात काम करत असे. दिवसभर हळू बोलावं लागायचं, त्याचा वचपा ती शुक्रवारी संध्याकाळी काढायची. बर्नीसची बेकरी होती. ती वयानं मोठी, आवाजानंही मोठी. अर्लेन खुर्च्यांच्या कारखान्यात होता आणि खेळाचा सूत्रधार तोच. म्हणजे नद्या, डोंगर, राजे, चोर, सगळे त्याच्या तोंडून यायचे. चौथा तोऊ वांग. त्याचं कुटुंब लाओसमधून येऊन गावात स्थायिक झालं होतं. तो दवाखान्यात परिचारक होता. मोठा हुशार, पण बोलताना अडखळायचा. त्याची पाळी आली की तो मानेनंच 'हो' किंवा 'नाही' म्हणायचा आणि मला टाकून मोकळा व्हायचा.

कोराचं सोंग होतं ओर्ला नावाच्या नावाडणीचं. ओर्ला लोकांना नदीपार न्यायची आणि पलीकडचा काठ येईपर्यंत त्यांचं डोकं खायची. राजाला नावेत बसवलं तर राजाशी भांडायची. तिच्या बडबडीनं एकदा दरोडेखोरांनीच पाण्यात उड्या टाकल्या होत्या.

त्या टेबलाचा एक नियम होता. फासा टेबलाच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टाकायचा. अर्लेन म्हणायचा, "झाकून टाकलेला फासा म्हणजे नुसता दगड." मी गडगडत जायचो, चौघांची डोकी माझ्यावर वाकायची. मी थांबेपर्यंत कुणी श्वास घेत नसे. मित्रांनो, असं वाकून आपल्याकडे कुणी पाहावं, याहून मोठा मान फाशाला मिळत नाही. मला तेव्हा वाटायचं, आपलं आयुष्य असंच जाणार.

मग कोराचं लग्न झालं.

ग्रँट शेतीची यंत्रं विकायचा. नॉर्थ डकोटातून कामासाठी गावात आला आणि वाचनालयात कसलंसं पुस्तक मागायला गेला. दिसायला नीटनेटका, बोलायला मृदू. तो एकदा तळघरात आला, सगळ्यांशी हसून बोलला, बर्नीसच्या केकची त्यानं तारीफ केली. खेळ सुरू झाल्यावर मात्र तो मागच्या खुर्चीवर बसला आणि सारा वेळ फक्त कोराकडे बघत राहिला. ओर्लानं एका सरदाराची फजिती केली तेव्हा सगळे पोट धरून हसले. तो हसला नाही. मला त्या वेळी काही वाटलं नाही. हसणं न येणारी माणसं असतात.

नॉर्थ डकोटाला निघायच्या दिवशी बर्नीसनं मला कोराच्या मुठीत कोंबलं. "ह्याला घेऊन जा," ती म्हणाली. "आता सगळं लिहूनच खेळायचं ना? मग टाकायला काहीतरी हवं."

ते वर्ष असं होतं की घरोघरी इंटरनेट नुकतंच पोचलं होतं. तोऊनं एक पान उघडलं होतं. त्यावर प्रत्येकानं आपापल्या सोंगाची वाक्यं लिहायची, दुसऱ्यानं सवडीनं उत्तर लिहायचं. फासा आपापल्या घरी टाकायचा आणि पडलेला आकडा लिहायचा. विश्वासावर सगळा कारभार. अर्लेन आधी कुरकुरला, "मला दिसणारच नाही तर मी मानू कसं?" पण कोरासाठी तयार झाला.

मी खोटं कशाला बोलू, त्या लिहिण्याच्या खेळाचीही एक गोडी होती. टेबलाशी जो तोऊ मान हलवायचा, त्याची वाक्यं वाचून कोरा थक्क व्हायची. त्याचा म्हातारा सैनिक आपल्या मेलेल्या भावाची आठवण सांगायचा, ती वाचताना तिचे डोळे भरायचे. "बघ रे, हा इतकी वर्षं गप्प बसला होता," ती मला म्हणायची. लिहिताना तोऊ अडखळत नसे. त्याला हवा तेवढा वेळ मिळायचा. टेबलानं त्याला जे दिलं नाही ते त्या पानानं दिलं. कोराला टाइप करताना तोंडानं पुटपुटायची सवय होती, म्हणून कीबोर्डशेजारी बसल्या बसल्या मला सगळा खेळ ऐकू येई. ती मला टाके, माझा आकडा बघे, आणि बारा तर बारा, तीन तर तीन, जसाच्या तसा लिही.

ग्रँटचं घर तिथल्या गावापासून लांब होतं. चारी बाजूंनी बीटाची शेतं, आणि ती निघाल्यावर नुसती उघडी काळी जमीन. शेजारी म्हणावं असं कुणी नव्हतं. खिडकीतून धान्याची एक उंच कोठी दिसायची. बर्फ पडू लागलं की तीही दिसत नसे.

आधी कोराची गाडी गेली. ग्रँट म्हणाला, दोन गाड्या कशाला, तुला जिथं जायचं तिथं मी नेईन. मग गावातल्या वाचनालयात नोकरी मिळत होती, ती गेली, कारण नेणार कोण? फोन वाजला की तो उचलायचा. "ती झोपली आहे," सांगायचा. ती त्याच्यासमोर उभी असायची. तो कधी ओरडला नाही. त्याचा हात उठलेला मी पाहिला नाही. तो नेहमी हळू बोलायचा, आणि त्याच्या हळू बोलण्यानं त्या घरातले बाकीचे आवाज एकेक करून बंद झाले. कोराचं माझ्याशी बोलणंही.

मग तो तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहू लागला.

"काय लिहितेस?"

"खेळच. ओर्ला त्या जकातवाल्याशी..."

"किती फटकळ आहे ही. लोकांना वाटेल, तू अशीच आहेस."

"त्यांना माहीत आहे मी कशी आहे, ग्रँट."

"मग मला का माहीत नाही?" तो म्हणाला. "काढ ते वाक्य."

तिनं वाक्य काढलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक. पुढे पुढे पाठवण्याआधी प्रत्येक ओळ तो मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि नको ते शब्द तिच्या हातानं पुसून घ्यायचा. ओर्ला शहाण्यासारखी बोलू लागली. मग थोडकं बोलू लागली. मग नुसती वल्ही मारू लागली. पलीकडच्यांना वाटलं, कोरानं गोष्टीला छान वळण दिलं आहे. तोऊनं लिहिलं, "ओर्ला मोठी झाली. फार सुंदर." कोरानं ते वाचलं आणि पान मिटलं. टेबलाशी असती तर तिचं तोंड बघूनच बर्नीस म्हणाली असती, काय झालं गं? पण अक्षरांना तोंड नसतं, मित्रांनो. ती ज्याच्या मनाप्रमाणे लिहिली जातात त्याच्याच मनाप्रमाणे वाचलीही जातात.

आणि त्या हिवाळ्यात एके दुपारी तिनं मला टाकलं तेव्हा सतरा पडला. ओर्लाला साधं एक कुलूप उघडायचं होतं. सतरा म्हणजे उघडलंच. कोरानं माझ्याकडे पाहिलं. मागे ग्रँट उभा होता, तिच्या खांद्यावरून शब्द तपासत होता. तिनं लिहिलं, 'एक'.

मला वाटलं, तिची नजर चुकली. पुढच्या वेळी अकरा पडला. तिनं एक लिहिलं. मग पंधरा. एक. मी वीस दाखवला, माझ्याकडे देण्यासारखं सर्वांत मोठं तेच. तिनं एक लिहिलं. ज्या बाईनं इतक्या वर्षांत एकदाही आकडा फिरवला नव्हता, ती माझ्यादेखत रोज खोटं लिहीत होती. मला राग आला. फाशाला दुसरं काय कळणार? ग्रँट शब्द तपासत होता. आकड्यांकडे त्याचं लक्षच नव्हतं. आकडा म्हणजे नशीब, आणि नशीब काय बोलणार, असं त्याला वाटत असावं.

पलीकडच्यांनी आधी थट्टा केली. तोऊनं लिहिलं, "कोरा, तुझा फासा रुसलाय. त्याला थोडं ऊन दाखव." बर्नीसनं लिहिलं, "त्याला माझ्याकडे पाठव, भट्टीत घालते." कोरानं उत्तर दिलं नाही. पुढच्या वेळी पुन्हा एक लिहिला. त्यानंतरही एकच.

हळूहळू थट्टा थांबली. काही दिवस त्या पानावर कुणीच काही लिहिलं नाही. कोरा दिवसातून कितीदा तरी पान उघडायची आणि मिटायची. मग एके सकाळी अर्लेनची ओळ आली. कोरानं ती पुटपुटत वाचली. ओळ अशी होती: "नदीपलीकडून कुणीतरी ओर्लाला हाक मारतं आहे. वारा उलटा आहे. हाक तिला ऐकू आली का? फासा टाक."

ग्रँट मागे कॉफी पीत होता. "टाक की," तो म्हणाला.

तिनं मला टाकलं. चार पडला. मित्रांनो, तेव्हा मला उमगलं, तिचे ते सगळे 'एक' म्हणजे हाका होत्या. माझ्या चारची मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. पण कोरानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तिनं लिहिलं, 'वीस'.

"बघ, पडला की नाही चांगला," ग्रँट म्हणाला.

ते आले तो रविवार होता. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन आणि डोळे दिपवणारं बर्फ. बर्नीसची बेकरीची गाडी अंगणात उभी राहिली. तिघेही उतरले. बर्नीसच्या हातात बदामाच्या क्रिंगलचा, म्हणजे कड्यासारख्या गोल, गोड पावाचा डबा होता.

"माझ्या भाच्याचं लग्न आहे माँटानात," अर्लेन दारातच म्हणाला. "वाटेवर तुमचं घर. म्हटलं, तोंड दाखवून जाऊ."

"फोन करायचात," ग्रँट हसून म्हणाला.

"केला होता," बर्नीस म्हणाली. "कोरा झोपली होती म्हणे. झोपाळू झाली आहे पोरगी."

कोरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिघांनी तिच्याकडे पाहिलं. बर्नीसचा हसरा चेहरा क्षणभर उतरला आणि तिनं तो पुन्हा चढवला. इतके महिने वाचून जे कळलं नव्हतं, ते तिला एका नजरेत कळलं. कोरा निम्मी उरली होती. बोलायच्या आधी ती ग्रँटकडे बघत होती. "कॉफी घ्याल?" एवढं विचारायलासुद्धा.

कॉफी झाली. क्रिंगल कापला गेला. ग्रँट हवापाण्याचं बोलला, यंत्रांच्या धंद्याचं बोलला. पाहुण्यांचा मान त्यानं सांभाळला. तासाभरानं तो घड्याळाकडे पाहून म्हणाला, "पुढे वादळ आहे म्हणतात. तुम्हाला उजेडात निघायला हवं."

"निघतोच," अर्लेन म्हणाला. "पण इतक्या दिवसांनी चौघं एका टेबलाशी बसलोय. एक डाव खेळू आणि उठू. फासा आहे ना गं तुझा?"

कोरानं ग्रँटकडे पाहिलं. ग्रँटनं खांदे उडवले. "मलाही घ्या मग. बघू तरी काय आहे एवढं."

अर्लेननं त्याला पुलावरच्या पहारेकऱ्याचं सोंग दिलं. त्याची पाळी आली. त्यानं मला टाकलं, सगळे वाकले. मी दोन दाखवला.

"टेबल हललं," ग्रँट म्हणाला. "हा धरायचा नाही." त्यानं मला उचलून पुन्हा टाकलं. पाच. "हा कोपऱ्याला लागला." तिसऱ्यांदा चौदा पडला तेव्हा तो मागे टेकून बसला. "हं. हा खरा."

कोरानं त्याच्याकडे नीट पाहिलं, जशी ती पूर्वी वाचनालयात एखाद्या पुस्तकाची पाठ वाचत असेल.

"कोरा," अर्लेन म्हणाला. त्याचा आवाज सूत्रधाराचा झाला होता, पण खालचा होता. "ओर्ला एका घरात आहे. बाहेर ऊन आहे. काठाला नाव लागली आहे, नावेत तिची माणसं आहेत. दाराला कडी नाही. ओर्ला काय करते?"

तिनं मला उचललं. मी जीव एकवटला. वीसची बाजू वर यावी म्हणून मी कधी प्रार्थना केली असेल तर तेव्हाच.

"याला फासा लागत नाही, कोरा," अर्लेन म्हणाला. "दार आहे. तिनं नुसतं ठरवायचं."

तिनं मला हळूच टेबलावर ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं.

"ओर्ला निघते," ती म्हणाली.

"कोट कुठाय तुझा?" बर्नीसनं विचारलं आणि उठली.

"हे खेळातलं चाललंय ना?" ग्रँट म्हणाला. तो अजून हसत होता.

"हो," तोऊ म्हणाला. तो केव्हा उठून दाराशी गेला होता ते कुणाला कळलं नव्हतं. "खे... खेळातलंच."

"कोरा, खाली बस."

ती बसली नाही. तिनं मोजे न घालताच बूट चढवले. नाड्यासुद्धा बांधल्या नाहीत. ग्रँट खुर्चीवरून उठला आणि अर्लेन त्याच्यासमोर उभा राहिला, दोन्ही हात टेबलावर टेकून. कारखान्यात लाकूड उचलून उचलून त्याचे खांदे दारासारखे रुंद झाले होते. बाहेर गाडीचं इंजिन सुरू झालं. मग अर्लेनही निघाला, पाठ न वळवता, मागे मागे पावलं टाकत.

मी टेबलावर राहिलो. उरलेल्या क्रिंगलशेजारी.

गाडीचा आवाज विरला तेव्हा ग्रँट पुन्हा खुर्चीत बसला. मग त्यानं मला उचलून खिशात टाकलं.

काही आठवड्यांनी कोरा परत आली. कपडे आणि कागदपत्रं न्यायला. बरोबर बर्नीस होती आणि गणवेशातला एक पोलीस होता. ग्रँट अंगणात उभा होता आणि मी त्याच्या मुठीत, त्याच्या कोटाच्या खिशात होतो. तिचा आवाज मला ऐकू आला. पूर्वीसारखा नव्हता, पण होता.

"माझा निळा फासा?"

"दिसला नाही," ग्रँट म्हणाला. त्याची मूठ माझ्याभोवती आवळली.

"बरं," ती म्हणाली. "राहू दे."

मित्रांनो, तिथंच माझी गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला ती आनंदानं सांगितली असती.

त्यानंतर ग्रँट त्या कॉम्प्युटरसमोर बसू लागला. त्यानं मला कीबोर्डशेजारी ठेवलं, जिथं ती ठेवायची तिथंच. ते पान अजून चालू होतं. त्यानं एक नवं नाव घेतलं, एक नवं सोंग घेतलं, वाट चुकलेल्या एका दयाळू वैद्याचं, आणि दार ठोठावल्यासारखी एक नम्र ओळ लिहिली: "मला खेळात घ्याल का? मी एकटा आहे."

त्यांनी त्याला घेतलं. का घेणार नाहीत? त्याची वाक्यं सुरेख होती. वैद्य सगळ्यांची विचारपूस करायचा. तोऊचा म्हातारा सैनिक जखमी झाला तेव्हा वैद्य रात्रभर उशाशी बसला, आणि ते इतकं हळवं लिहिलं होतं की तोऊनं त्याचे आभार मानले. अक्षरांना तोंड नसतं, हे ग्रँट कोराकडूनच शिकला होता.

पानावर आता आणखीही काही नवी नावं होती. एक मेंढपाळ, एक भटकी गायिका, एक मिठागरातली मजूर बाई. ओर्ला मात्र आता कुठं दिसत नव्हती; या नव्या नावांआड कोरा कोण, हे तो शोधत होता. तो त्यांची एकेक ओळ मोठ्यानं वाचायचा, पुन्हा वाचायचा. पूर्वी तिच्या खांद्यावरून वाचायचा तसंच. तिचे शब्द त्यानंच इतके दिवस पुसले होते, त्यामुळे पुसले जाण्याआधी ते कसे असतात हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. एकदा त्या मजूर बाईनं मुकादमाला एक तिरकस उत्तर दिलं. ग्रँट वाचता वाचता थांबला आणि खुर्चीत पुढे सरकला.

"ही," तो म्हणाला. फक्त एवढंच.

त्या दिवसापासून वैद्य मजूर बाईच्या अवतीभवती राहू लागला. खेळातलं बोलता बोलता एखादा साधा प्रश्न विचारायचा. तुमच्याकडे बर्फ वितळलं का? खिडकीतून तळं दिसतं का? गाव मोठं आहे का लहान? ती कधी उत्तर द्यायची, कधी नाही. उत्तर दिलं की तो भिंतीवरच्या नकाशापाशी जाऊन उभा राहायचा. मी तिथं पडून होतो. माझ्याजवळ वीस आकडे होते आणि एकही शब्द नव्हता.

खेळासाठी तो मला टाकायचा, पण माझ्याकडे बघायचा नाही. मी सहा दाखवला, त्यानं अठरा लिहिलं. मी एक दाखवला, त्यानं वीस लिहिलं. वैद्याचं औषध कधी चुकत नसे. वैद्याच्या पायाखालचा दगड कधी निसटत नसे.

एके सकाळी त्यानं पान उघडलं. मजूर बाईची एकच ओळ आली होती. त्यानं ती नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचायला घेतली आणि त्याचा आवाज ओळीबरोबर खाली खाली गेला.

"ज्याला वाईट आकडा कधीच पडत नाही, असा एकच माणूस मला माहीत आहे. ग्रँट, तू इथं जे विचारलंस आणि मी जे सांगितलं, त्यातलं गेल्या महिन्याभरातलं काहीही खरं नाही. सगळं पोलिसांकडे दिलं आहे. आम्ही आता टेबलाशीच खेळतो. तिथं यायचं तर तोंड घेऊन यावं लागतं."

त्यानं पान खाली सरकवलं. त्या ओळीखाली काही नव्हतं. दुपारी त्यानं पुन्हा उघडलं तर ते पानच नव्हतं.

ती सुटली, हे एवढंच मला ठाऊक आहे. ती कुठं आहे, आता कुठला फासा टाकते, तिचा आवाज पूर्वीइतका मोठा झाला का, हे मला कधीच कळलं नाही. मनात तसं धरून मी राहतो.

ग्रँटनं मला खिळ्यांच्या डब्यात फेकलं. तिथं माझ्या कडा झिजल्या, तिथंच माझ्या आकड्यांतलं मेण गळून गेलं. पुढे घर विकलं गेलं आणि सामान अंगणात मांडलं गेलं तेव्हा एका शिक्षिकेनं तो डबा उचलला. हल्ली मी तिच्या शाळेच्या कपाटात आहे. मुलं मला गणिताच्या तासाला काढतात. हरवून टाकतात, पुन्हा शोधतात. माझी तक्रार नाही. घासून घ्यायला एखादा पांढरा खडू मिळाला तर बरं वाटेल, एवढंच.

पण त्या मुलांना मी जे सांगू शकत नाही, ते तुम्हाला सांगतो. टेबलाशी खेळा, नाहीतर लिहून खेळा. सोंग दोन्हीकडे असतं आणि गंमतही दोन्हीकडे असते. फक्त तुमचा एखादा बडबड्या मित्र लिहिता लिहिता शहाणा आणि शांत झाला, तर लगेच कौतुक करू नका. त्याच्या घरी जा. त्याच्यासमोर बसा. आणि एखादा अनोळखी माणूस तुमच्याशी फार गोड लिहीत असेल, तुमच्या खिडकीतून काय दिसतं ते विचारत असेल, तर उत्तर देऊ नका. आपल्या माणसांना सांगा.

सामान अंगणात मांडलं त्या दिवशी ग्रँटनं सगळं विकलं. टेबल, खुर्च्या, भिंतीवरचा नकाशासुद्धा. एका गिऱ्हाइकानं कॉम्प्युटरवर हात ठेवला आणि विचारलं, "याचे किती?"

"तो विकायचा नाही," ग्रँट म्हणाला. त्यानं तो उचलून गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवला आणि पडू नये म्हणून त्याला पट्टा बांधला.